पेवाची तारीख

मार्च लागला की आमच्या जालन्यात कडुलिंबाला मोहोर येतो आणि घराघरांतून पाठांतराचा आवाज सुरू होतो. माझ्या खिडकीसमोरही एक लिंब आहे. सकाळच्या पाळीला एमआयडीसीकडे निघालेल्या मोटारसायकलींचा धूर आणि त्या मोहोराचा कडसर-गोड वास असे दोन्ही एकदम आत येतात आणि मी पुन्हा परीक्षेला बसणारा पोर होतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला परीक्षेची कसली आलीय धास्ती, असं कोणीही म्हणेल. मीही स्वतःला दरवर्षी म्हणतो. उपयोग होत नाही.

यंदा त्यात सूनबाईंनी भर घातली. त्या शाळेत इतिहास शिकवतात. परवा वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "नाना, मुलांकडून गावाचा इतिहास लिहून घेतलाय. आणि एकाची वही दुसऱ्यानं तपासलीय. जरा बघता का?" आयुष्यभर इतिहासच शिकवला, तेव्हा नाही कसं म्हणणार. चष्मा पुसला आणि बसलो. पहिल्या वहीखाली शेरा: "खूप छान." दुसऱ्या वहीखाली: "खूपच छान." तिसरीखाली: "छान, पण अक्षर सुधार." मी पानं उलटत गेलो आणि वैतागून म्हणालो, "अहो, हे काय, छानचं नुसतं पेव फुटलंय!"

तो शब्द तोंडातून गेला आणि मी वही मिटली. सूनबाईंना वाटलं, नाना रागावले.

हल्लीच्या मुलांना पेव फुटतं एवढंच ठाऊक. पेव म्हणजे काय, ते पाहिलेलं कोणी नाही. घट्ट पांढऱ्या मातीत दीड-दोन पुरुष खोल खड्डा खणायचा. तोंड लहान, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. तळाला नि बाजूंनी कडब्याचा थर द्यायचा, त्यात ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा, मग दगड आणि चिखलमातीनं तोंड बंद. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. उघडताना मात्र घाई चालत नाही. तोंड मोकळं करून वाट बघायची, मग कंदील दोरीनं आत सोडायचा. कंदील विझला तर आतली हवा वाईट, कोणी उतरायचं नाही. उतावीळपणानं उतरलेली माणसं आतच राहिल्याच्या गोष्टी आमच्या भागात गावोगाव होत्या. पेवातल्या ज्वारीला एक उबट, आंबूस वास असतो. तिची भाकरी पहिल्या दिवशी नाकाला खटकते आणि तिसऱ्या दिवसापासून आवडायला लागते. मला आवडायला लागली होती, कारण निवृत्तीच्या आत्याच्या हातची असायची.

तेव्हा हैदराबाद स्टेट होतं. मी पिंपळगाव रेणुकाईचा, आणि निवृत्ती हसनाबादकडच्या एका वाडीतला. तालुक्याच्या गावी मिडल शाळा होती. तिथं आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. भाकऱ्या गावाकडून यायच्या, कालवण आम्ही करायचो, म्हणजे बहुतेक वेळा करायचो नाही. शाळा उर्दूत होती. सुट्टी शुक्रवारी, महिने फसली, म्हणजे स्टेटच्या सरकारी कालगणनेचे. वार्षिक परीक्षा अर्दिबेहेश्तात, म्हणजे मार्चच्या आगेमागे यायची. त्या महिन्याचं नावच असं की घोकताना जीभ अडखळायची आणि परीक्षेआधीच माणूस दमायचा.

इतिहासाला उर्दूत तारीख म्हणतात. आमच्या घरी तारीख म्हणजे कोर्टाची, नाहीतर लग्नाची. पहिल्याच आठवड्यात मौलवीसाहेबांनी सांगितलं, "आपने गाँव की तारीख लिखके लाओ." निवृत्तीनं दुसऱ्या दिवशी वही पुढे केली. आत एका ओळीत त्याच्या गावच्या जत्रेची तारीख लिहिलेली. वर्ग खदखदून हसला. मी सगळ्यांत मोठ्यांदा हसलो, कारण मला अर्थ ठाऊक होता, आणि निवृत्तीला मी आदल्या दिवशी मुद्दाम सांगितला नव्हता.

मौलवीसाहेब हसले नाहीत. ते परभणीकडचे, दखनी बोलायचे, मराठी झकास समजायची. शेरवानीची कोपरं विरलेली. स्वतः शायरी करायचे आणि दर महिन्याला हैदराबादेत त्यांच्या उस्तादांकडे पोस्टानं गझल पाठवायचे. उस्ताद ती दुरुस्त करून परत धाडायचे. त्याला इस्लाह म्हणायचे. एकदा त्यांनी ते कागद आम्हांला दाखवले. मूळ अक्षर तसंच, आणि कडेला बारीक तिरप्या लिपीत उस्तादांचा हात. "उस्तादने काटा कुछ नै," मौलवीसाहेब म्हणाले, "पूछा. देखो. यहाँ पूछा, यहाँ पूछा." आणि मग त्यांच्या मनात आलं की जे गझलेला चालतं ते तारखेला का चालू नये.

असं आमचं इस्लाहचं सुरू झालं. आपल्या गावाची तारीख लिहायची, मराठीत लिहायची, कारण गाव उर्दूत बोलत नाही. मग वही शेजाऱ्याला द्यायची. शेजाऱ्यानं शिसपेन्सिलीनं समासात लिहायचं. खोडायचं नाही. अच्छा नाही, बुरा नाही, फक्त सवाल. आणि शेवटी इस्लाह देणाऱ्यानं आपली सही करायची, म्हणजे सवालाची जबाबदारी त्याच्यावर.

मी पहिल्यांदा निवृत्तीच्या वहीत काय केलं असेल? वेलांट्या दुरुस्त केल्या. मौलवीसाहेबांनी पाहिलं नि म्हणाले, "तू दर्जी है क्या बे? बटन टाँक दिया. कपडा किसका है, वो पूछा?" मग बोटांवर मोजत त्यांनी सांगितलं, "किसने बोला? उसको कैसे मालूम? आज भी दिखता क्या?" हे तीन सवाल मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. पुढे नोकरी लागल्यावर हजारो पोरांच्या समासात मी तेच लिहीत आलो, एका शब्दात: कशावरून?

निवृत्तीला मात्र कोणी शिकवावं लागलं नाही. माझ्या गावच्या तारखेत मी एक राजा घुसवला होता. कुठला राजा, ते मलाही ठाऊक नव्हतं. रेणुकामातेच्या दर्शनाला तो हजार घोड्यांनिशी आला, असं मी ठोकून दिलं. ऐकायला बरं वाटत होतं. निवृत्तीनं सबंध निबंधाला एकच सवाल केला होता. "हजार घोड्यांना पाणी कुठे पाजले?"

मला आधी राग आला. मग शुक्रवारी घरी गेलो तेव्हा देवळाच्या गुरवबाबांना विचारलं. ते म्हणाले, "कुठला राजा न् कुठले घोडे? इथं माणसाला पाणी पुरत न्हाई." आणि मग त्यांनी मला जुनी आटलेली बारव दाखवली. ती कोणी बांधली, कोणाच्या हयातीत आटली, नंतर पाणी कुठून आणायचे, सगळं सांगितलं. राजा गेला आणि बारव आली. माझा निबंध पहिल्यांदा उभा राहिला तो निवृत्तीच्या त्या एका ओळीमुळे, आणि त्या ओळीनं कोणाचं काही वाकडं झालं नाही. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो.

आता त्याची आत्या. गयाआत्या म्हणायचो आम्ही. नवरा लवकर गेला, म्हणून भावाकडेच राहायची. बाजाराच्या दिवशी ती वाडीतल्या बायांबरोबर चालत यायची, डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. खोलीत शिरताच आधी आमचं मडकं तपासायची. "पाणी झाकून ठिवायला काय हात मोडले का रे तुमचे?" मग बसायची, आणि बसली की बोलायची. वाडीत कोणाचं लग्न कोणत्या साली, कोणाच्या बैलानं कोणाला मारलं, प्लेगात कोण कुठं जाऊन राह्यलं, सगळं तिच्या तोंडी. सोयरिकीत तंटा झाला तरी माणसं म्हणायची, गयाबाईला विचारा. वाडीत तिला जमीन नव्हती, लेकरू नव्हतं. तिला होता तो हा मान. तो तिला आवडायचाही, आणि ते ती लपवत नसे.

"काय लिवून राह्यले रे?" तिनं एकदा विचारलं.

"तारीख," निवृत्ती म्हणाला.

"कोणती?"

"आपल्या वाडीची."

"मंग मला इचार की," ती म्हणाली. "तुझ्या बापाला कालचं ध्यानात राहत न्हाई."

आणि तिनं सांगितलं. दोन-तीन वर्षांमागे पाऊस दगा देऊन गेला होता. त्यात लेव्ही आली, म्हणजे पिकातलं ठरलेलं धान्य सरकारात घालायचं. घातलं तर आखाडात खायला काही उरत नव्हतं. तेव्हा वाडीनं सगळ्यांचं थोडंथोडं मिळून एक पेव भरलं आणि लेव्हीवाल्यांना दाखवलं नाही. त्या एका पेवानं वाडी जगली. कोणी कमी नाही, कोणी जास्त नाही, दर घरी सारखी मापं. सांगताना गयाआत्या गुडघ्यावर थाप मारायची. मी ऐकत बसलो होतो आणि तिनं आणलेली भाकरी खात होतो.

निवृत्तीनं ते लिहिलं, पण भीतभीत लिहिलं. "दुष्काळात आमच्या वाडीला एका पेवाने तारले. ते दाखविले नव्हते." बस्स, एवढंच. वही माझ्याकडे आली. मी आता शहाणा झालो होतो. पेन्सिलीला टोक काढलं आणि समासात लिहिलं: "कोणी सांगितले? नाव लिहावे. पेव कोठे होते? आज दिसते काय?" खाली झोकात सही केली.

अजून सांगतो, सवाल चोख होते. आजही एखाद्या पोरानं असं मोघम लिहिलं तर मी हेच विचारीन. निवृत्तीलाही ते पटले, आणि त्यानं इमानेइतबारे उत्तरं लिहिली. "माझी आत्या गयाबाई हिने सांगितले. पेव आमच्या खळ्याच्या उगवतीला, कडब्याच्या गंजीखाली आहे. आजही आहे व यंदाही भरले आहे." मौलवीसाहेबांनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. वर्गापुढे वही उंच धरून म्हणाले, "देखो, इसको बोलते तारीख. और इसको बोलते इस्लाह." माझ्याकडे बोट केलं होतं. मुआयन्याला, म्हणजे शाळातपासणीला, साहेब येणार होते. त्यांच्यापुढे ठेवायच्या वह्यांत ती पहिली ठेवली गेली.

मी वर्गाचा मॉनिटर होतो. वह्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या करदोट्याला असायची.

मुआयना शनिवारी होता. शुक्रवारी निवृत्ती घरी गेला आणि हौसेनं बापाला सगळा निबंध तोंडपाठ म्हणून दाखवला. शनिवारी सकाळी मी वर्गात वह्या लावत होतो, तेव्हा तो धापा टाकत आला. पायाला घोट्यापर्यंत धूळ.

"दत्ता, ते पान काढू दे."

"कोणतं?"

"पेवाचं. बा म्हणला, पान फाडून आण. जल्दी कर."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. लिंबाखाली त्याचे वडील बसले होते, पागोटं काढून मांडीवर ठेवलेलं. लिंबाचा मोहोर त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होता आणि ते तो झटकत नव्हते. शाळेच्या आवारात ते पहिल्यांदाच आले असावेत. दाराकडे बघायचे आणि पुन्हा खाली बघायचे.

मला सगळं समजलं होतं. हे मी आज कबूल करतो, कारण एवढी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की पोरसवदा वय, काय कळणार. चौदाव्या वर्षी खेड्यातल्या पोराला लेव्ही काय ते चांगलं कळायचं. माझ्या घरीही काही पोती माळ्यावर कडब्यामागं होतीच. पण त्या पानाखाली माझी सही होती. साहेब विचारणार, इस्लाह किसकी, आणि मी उभा राहणार, हे मी आठ दिवस मनात घोळवत होतो.

"मौलवीसाहेबांनी वाचलंय," मी म्हणालो. "आता पान काढलं तर चोरी दिसंल."

"अरे पर..."

"खोटं हाये का त्यात काही?"

"न्हाई."

"आत्यानं सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं."

"मंग? खरं हाये ना? भ्यायचं कामून?"

 निवृत्ती खरोखरच साधा होता. खरं आहे म्हटल्यावर तो थांबला. बाहेर जाऊन बापाशेजारी बसला. खऱ्याचा असा सोटा मी पुढे आयुष्यात कोणावर उगारला नाही, पण त्या दिवशी जो बसायचा तो बसला.

साहेब आले. भला माणूस वाटला. अंगाला अत्तराचा वास, बोलणं हळू. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, वही मोठ्यांदा वाचली. गयाआत्याचं नाव त्या खणखणीत आवाजात वर्गात घुमलं. खळ्याची उगवत घुमली, कडब्याची गंज घुमली. मागे मौलवीसाहेब उभे होते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी वाचलं होतं ते शाळेच्या डोळ्यानं, आता सरकारच्या कानानं ऐकू आलं असावं. ते पुढे येऊन म्हणाले, "हुजूर, अब दुसरी देखिये," पण पेशकारानं पान पुरं केलं. साहेबांनी विचारलं, "इस्लाह किसकी?" मी उभा राहिलो. "शाबाश," ते म्हणाले. पेशकार एका चिठ्ठीवर काहीतरी उतरवून घेत होता.

परीक्षा सुरू होण्याआधीच वाडीवर लेव्हीचे लोक गेले. कोणाला मारलं नाही, कोणाला धरून नेलं नाही. सरळ खळ्याच्या उगवतीला गेले, गंज हलवली, पेव उघडलं, कंदील सोडून बघितला आणि ज्वारी बैलगाड्यांत भरून नेली. त्या आखाडात वाडीनं तरोट्याच्या आणि अंबाडीच्या पाल्यावर दिवस काढले. निवृत्ती परीक्षेला बसला नाही. त्याचा बाप येऊन पत्र्याची पेटी घेऊन गेला. निघताना निवृत्ती दारात माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सवाल बराबरच केल्ता, दत्ता." त्यानं शिवी दिली असती तर मी इतकी वर्षं ती विसरलोही असतो.

मौलवीसाहेब बैलगाडी करून वाडीला गेले होते. चूक माझी, असं सांगायला. लोकांनी त्यांना बाज टाकून दिली, पाणी दिलं, आणि जो तो आपल्या कामाला लागला. परत आल्यावर त्यांनी इस्लाह बंद केली. राहिलेले दिवस आम्ही पुस्तकातली तारीख घोकली, बादशहा आणि लढाया, ज्यांत कोणाची आत्या नव्हती.

गयाआत्याचं काय झालं, ते मला नंतर बाजारात आलेल्या एका बाईनं सांगितलं. तिला कोणी काही केलं नाही. फक्त ती जवळ येऊन बसली की बाया बोलणं थांबवायच्या. विहिरीवर ती गेली की दुसऱ्या घागर उचलायच्या. साल विसरलं तर विसरलं, पण गयाबाईला विचारायला कोणी जायचं नाही. जिच्या बोलण्यावर वाडीचा जीव होता, तिच्याशी कोणी तोंडच उघडीना. बाई सांगत होती आणि मी तिच्या टोपलीतल्या बोरांकडे बघत होतो.

पुढे स्टेट गेलं, शाळा मराठी झाल्या, मी शिक्षक झालो. आणि मी एक उद्योग कित्येक वर्षं केला. तो सांगायला लाज वाटते. मी पुरावा शोधत होतो. पेव त्या वहीवरूनच सापडलं, हे कशावरून? वाडीतला कोणी फुटला नसेल? लेव्ही वसूल करणाऱ्या गिरदावराचा कोणी सोयरा नसेल? पेशकारानं चिठ्ठीवर भलतंच काही लिहिलं नसेल? भेटेल त्या म्हाताऱ्याला मी आडून आडून विचारायचो. एकानं सांगितलं, लेव्हीवाल्यांना आधीच कुणकुण होती. दुसरा म्हणाला, छे, त्यांना कडब्याखालचं कसं कळेल. धड काही हाती लागलं नाही. दुसऱ्याच्या निबंधात हे मी दोन मिनिटांत निकालात काढलं असतं: पुरावा अपुरा, निष्कर्ष काढू नये. स्वतःच्या बाबतीत निष्कर्ष काढून बसलो आहे आणि पुराव्याची वाट बघतो आहे.

सूनबाईंच्या गठ्ठ्यात एका मुलीची वही होती. तिचे आजोबा खेड्यातून जालन्यात कसे आले, ते लिहिलेलं. रोलिंग मिलमध्ये लागले, तिथं दोन बोटं गेली, आणि मालकानं काय सांगायला लावलं नि आजोबांनी काय सांगितलं, तेही. सगळं नावानिशी. शेजारणीनं खाली लिहिलं होतं, "खूप छान." मी पेन्सिल उचलली आणि सवयीनं समासाकडे नेली. कशावरून, असं लिहायला हात शिवशिवत होता. सवाल अगदी बरोबर होता. मी पेन्सिल खाली ठेवली. सूनबाई म्हणाल्या, "काय झालं नाना? वाईट लिहिलंय का?" मी म्हणालो, "नाही. उलट फारच चांगलं लिहिलंय." मग त्यांना एवढंच सांगितलं की या पोरीला म्हणावं, वही घरी ने आणि आजोबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखव. त्यांनी हसून मान हलवली. म्हातारा मऊ झाला, असं त्यांना वाटलं असणार.

हे शहाणपण माझं नाही. ते मला वाडीत मिळालं, फार उशिरा. निवृत्ती तोवर गेला होता. त्याला भेटायला मी जाईन जाईन म्हणत राहिलो आणि गेलो ते त्याच्या दहाव्याला. दुपारी माणसं पांगल्यावर मी पडवीत गेलो. गयाआत्या सूप घेऊन करडई पाखडत बसली होती. पाठीत वाकलेली, पण हात जोरकस.

"कोण?"

"दत्ता. पिंपळगावचा. निवृत्तीबरोबर होतो शाळेत."

"मडकं उघडं ठिवणारा," ती म्हणाली.

मी बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवून आलो होतो, त्यातलं काही आठवेना. शेवटी म्हणालो, "आत्या, ते पेवाचं. तुमचं नाव वहीत आलं, ते माझ्यामुळं. कोणी सांगितलं, नाव लिही, असं मीच विचारलं होतं."

"म्हाईत हाये. निवृत्तीनं सांगितल्तं."

"तो काय म्हणायचा?"

"म्हणायचा, दत्ताचा सवाल बराबर होता." तिनं फोलपटं फुंकली. "व्हता बी आसंल. मला काय त्यातलं कळतं? निवृत्तीनं मला इचारलं, मी सांगितलं. मला आवडायचंच सांगायला. तू त्याला इचारलं, कोणी सांगितलं. सायबानं इचारलं आसंल, कुठं हाये. समद्यांनी समद्यांला इचारलं." सूप थांबलं. "आत्या, तुझं नाव घालू का, हे मातर मला कोणीच न्हाई इचारलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटलं होतं, असेल. रागाला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी तिच्यासमोर रडलो. म्हाताऱ्या माणसानं असं रडू नये, पण रडलो. तिनं मला थांब म्हटलं नाही आणि जवळही घेतलं नाही, करडई पाखडत राहिली.

उठताना मी म्हणालो, "आत्या, हे सगळं मी कधीतरी लिहीन म्हणतो. घालू का तुमचं नाव?"

तिनं मान वर केली. समोरच्या घराच्या ओट्यावर दोन बाया बोलत बसल्या होत्या. ती त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिली.

"नको, बापा," ती म्हणाली.

ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या ओट्यावरच्या बायाही नसतील. तरी सांगून ठेवतो, वाडी हसनाबादकडची नाही, आणि तिचं नाव गया नव्हतं.